थंडीत जुन्या होंडा सिटी व्हीटेकचं काम काढताय? सोलापूरच्या उन्हाळ्याआधी काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

थंड देशात लोक हिवाळ्यात आपली आवडती गाडी झाकून ठेवतात आणि त्या वेळात तिचं काम करतात, कारण बाहेर बर्फ असतं आणि रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं. आपल्या सोलापुरात उलटं, गाडी सगळ्यात छान पळते ती थंडीतच, तरीपण मी म्हणतो काम थंडीतच काढा. मे महिन्यात ४३-४४ डिग्रीला पत्र्याच्या शेडखाली हातात पाना धरवत नाही हे एक, आणि जुन्या गाडीची खरी परीक्षा त्याच मे महिन्यात असते हे दुसरं. म्हणजे थंडीतलं काम हे उन्हाळ्यासाठीचं काम. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी गाडी गार राहिली पाहिजे, मग ती थांबली पाहिजे, मग सरळ चालली पाहिजे, पळवायचं सगळ्यात शेवटी. बरेच जण एक्झॉस्ट आणि एअर फिल्टरपासून सुरुवात करतात आणि एप्रिलमध्ये गाडी टोचन लावून घरी आणतात, ते टाळायचं असेल तर पुढचं सगळं नीट वाचा.

आपल्याकडे खरी टू-सीटर स्पोर्ट्स कार कितीजणांनी जवळून बघितली? गोव्यात बनणारी सॅन स्टॉर्म सोडली तर तसं काही सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतंच. त्यामुळे आपल्या पिढीची स्पोर्ट्स कार म्हणजे पॅलिओ १.६, आणि माझ्या मते सगळ्यात वर २००० ते २००३ मधली होंडा सिटी व्हीटेक. दीड लिटरचं इंजिन, १०६ पीएस, आणि वजन एकदम कमी. तिच्यानंतर आलेल्या सिटीत ७७ पीएसचं इंजिन आलं, त्यामुळे जुनीची किंमत लोकांना तेव्हाच कळली. हा लेख तिच्यावरच आहे, पण क्रम आणि बरीचशी कामं कुठल्याही वीस-पंचवीस वर्षं जुन्या पेट्रोल गाडीला लागू होतील.

वेळेचं गणित आधी बघा. दिवाळी झाली की सुरुवात करा, संक्रांतीच्या गड्डा यात्रेपर्यंत खोलायची सगळी कामं संपवा आणि जानेवारीचा शेवट व फेब्रुवारी टेस्टिंगला ठेवा. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली की आपल्याकडे ऊन लगेच चढतं, तेव्हा गाडी अर्धी खोललेली नको. आणि एकावेळी एकच सिस्टीम खोला. कूलिंग, ब्रेक, सस्पेन्शन असं सगळं एकदम काढून ठेवलं आणि मधेच एक पार्ट पुण्या-मुंबईहून यायचा राहिला, की गाडी तीन महिने ठोकळ्यावर राहते, असे कितीतरी प्रोजेक्ट जुळे सोलापूरच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेत.

काही खोलायच्या आधी

एक दिवस नुसता बघण्यात घालवा. सकाळी गार इंजिन चालू करून ऐका, मग गाडी गरम करून सात रस्त्याच्या ट्रॅफिकमधून न्या, मग हायवेला न्या आणि घरी आल्यावर खाली पुठ्ठा टाकून रात्रभर उभी करा. सकाळी पुठ्ठ्यावर कुठे काय पडलंय ते बघा: काळं-तपकिरी म्हणजे ऑइल, हिरवं किंवा लाल-गुलाबी आणि चिकट म्हणजे कूलंट, चाकाच्या आतल्या बाजूला पातळ तेलकट म्हणजे ब्रेक ऑइल. हे सगळं वहीत लिहा आणि फोटो काढून ठेवा, खोलताना पण प्रत्येक पाईप आणि कनेक्टरचा फोटो काढा. बोल्ट एका डब्यात ओतू नका, छोट्या पिशव्या करून वर नाव टाका.

हत्यारांमध्ये दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका, टॉर्क रेंच आणि जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही म्हणजे नाही, कितीही छोटं काम असू दे. बाकी गोटी पान्याचा सेट, फिलर गेज, मल्टीमीटर आणि भरपूर चिंध्या. चिंध्यांना आपल्याकडे तोटा नाही, टॉवेलच्या कारखान्यांतला कटपीस माल किलोवर मिळतो आणि टेरीचं कापड तेल छान ओढतं, फक्त उघड्या इंजिनजवळ सुटे दोरे असलेला तुकडा वापरू नका. गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्री रस्ट स्प्रे मारून ठेवा, घाईत टॉमी लावून जोर केला की आटे जातात आणि मग लेथवाल्याकडे चकरा.

पहिलं काम: कूलिंग

हे पहिलं का ते सांगितलंच. या इंजिनचं हेड (सिलिंडरवरचा, वाल्व असलेला भाग) अॅल्युमिनियमचं आहे, एकदा जरी तापमानाचा काटा वर गेला आणि गाडी तशीच ओढली तर हेड वाकतं, हेड गॅस्केट जातं आणि तो खर्च बाकीच्या सगळ्या कामांपेक्षा मोठा असतो.

इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचा ड्रेन उघडून जुनं पाणी काढा. त्याचा रंग बघा, गंजासारखा तांबूस असेल तर कुणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरत आलंय. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि रेडिएटर बाहेरून कितीही चकचकीत असला तरी आतून अर्धा बंद असतो. डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा फ्लश करा, हीटर फुल हॉटवर ठेवून, नाहीतर हीटर कोअरमधली घाण तिथंच राहते. तरी रेडिएटरच्या मधल्या भागात हात लावून गार पट्टे लागत असतील तर रेडिएटर बदलायचाच.

काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वाल्व. आपल्याकडे बरेच मेकॅनिक "सोलापूरच्या गर्मीला थर्मोस्टॅट कशाला" म्हणून तो काढून फेकतात. हे अजिबात करू देऊ नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट गरम होत नाही, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गारच आहे, तो पेट्रोल जास्त सोडतो, आणि व्हीटेक (इंजिन जोरात फिरायला लागलं की वाल्व जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) तर इंजिन गरम झाल्याशिवाय लागतच नाही. नवीन थर्मोस्टॅट बसवायच्या आधी तो भांड्यात पाणी तापवून दोरीला टांगून तपासा, सोबत थर्मामीटर धरा, साधारण ७८ डिग्रीच्या आसपास उघडायला लागला आणि ९० पर्यंत पूर्ण उघडला की चांगला. रेडिएटरचं झाकण पण नवीन टाका, जुन्यावर जेवढं प्रेशर लिहिलंय तेवढंच. झाकणाचं रबर गेलं की प्रेशर टिकत नाही आणि प्रेशर नसलं की पाणी लवकर उकळतं, दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूमुळे इंजिन गेलेलं मी बघितलंय.

होज पाईप दाबून बघा, कडक किंवा पिचपिचीत लागला, टोकाला फुगला असेल तर बदला, वरचा बदलला तर खालचा पण बदला. फॅनसाठी फॅन स्विचचा कनेक्टर काढून इग्निशन चालू ठेवा आणि त्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा, फॅन फिरला तर फॅन आणि रिले ठीक, मग गरम होऊनही फॅन लागत नसेल तर दोष स्विचमध्ये. भरताना ५०-५० कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, थर्मोस्टॅटजवळचा ब्लीड बोल्ट सैल करून हळूहळू ओता, त्यातनं बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करा. मग झाकण उघडं ठेवून फॅन दोनदा लागेपर्यंत इंजिन चालू द्या, पातळी खाली जाईल तसं भरत राहा. हवा अडकून राहिली तर एवढं सगळं करूनही काटा वर जाणार.

टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप एकत्रच

क्रँक आणि वाल्व उघडणारा कॅम एका ठेक्यात फिरवायला या इंजिनला चेन नाही, बेल्ट आहे, आणि बेल्ट तुटला तर पिस्टन वाल्वला जाऊन भिडतात. मागच्या मालकाने कधी बदलला याचं बिल हातात नसेल तर बदललेलाच नाही असं धरून चाला, किलोमीटर कमी असले तरी, कारण रबर वयानेही जातं. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो म्हणून तोही त्याच वेळी, सोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), कॅम सील आणि क्रँक सील. क्रँक पुलीचा बोल्ट हा या गाडीचा सगळ्यात हट्टी बोल्ट आहे, पुली धरायचं खास हत्यार नसेल तर हे काम चांगल्या गॅरेजवाल्याकडनंच करून घ्या, पण समोर उभं राहून, खुणा जुळवल्यावर हाताने इंजिनला दोन पूर्ण फेरे देऊन परत खुणा बघायला लावा. एक लक्षात ठेवा, हे इंजिन पुलीच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं, होंडाची सवय नसलेला माणूस इथे हमखास चुकतो.

वाल्व सेटिंग, जे थंडीतच नीट होतं

हे काम मला सगळ्यात आवडतं आणि घरी करता येण्यासारखं आहे. होंडाच्या मॅन्युअलप्रमाणे वाल्वचा गॅप हेडचं तापमान ३८ डिग्रीच्या खाली असतानाच मोजायचा. आता सांगा, सोलापुरात एप्रिल-मे मध्ये दुपारी गाडी चालू न करताही हेड ३८ च्या वर असतं! डिसेंबरमधली सकाळ यासाठीच आहे.

गाडी रात्रभर बंद ठेवा. सकाळी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, प्लगच्या वायरींना नंबर टाकून त्या काढा, चारही प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलं असेल तर वरच्या कव्हरमधली गोल सील गेलीत, कव्हर पॅकिंगच्या सेटमध्ये ती येतात. कव्हर काढा, इंजिन उलट्या दिशेने फिरवून कॅमच्या पुलीवरची वरची खूण वर आणा, म्हणजे एक नंबर सिलिंडर टॉपला (पिस्टन सगळ्यात वर, वाल्व बंद). त्याचे वाल्व मोजा, इनटेक साधारण ०.२० आणि एक्झॉस्ट साधारण ०.२५ मिलिमीटर, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तो शेवटचा. फिलर गेजची पट्टी घट्ट वहीतनं कागद ओढल्यासारखी थोडं धरून धरून निघाली पाहिजे. फुकट सरकली तर गॅप जास्त, वाकली तर कमी. १० नंबरच्या पान्याने लॉकनट सैल करायचा, स्क्रू फिरवायचा, स्क्रू धरून ठेवून नट घट्ट करायचा आणि परत मोजायचा, कारण नट आवळताना स्क्रू हमखास किंचित फिरतो. मग क्रँक अर्धा फेरा, तीन नंबर सिलिंडर, मग चार, मग दोन. एक-तीन-चार-दोन. जरा जास्त गॅप राहिला तर टकटक आवाज येईल एवढंच, पण कमी राहिला तर वाल्व नीट बसत नाही आणि एक्झॉस्ट वाल्व जळतो, म्हणून शंका असेल तर घट्टपेक्षा किंचित सैल बरं.

कव्हर उघडं आहे तोवर अजून एक बघा. जे सिलिंडर टॉपला आहे त्याचा इनटेकचा मधला रॉकर (वाल्व दाबणारी छोटी दांडी) बोटाने दाबा, तो शेजारच्या दोघांना न हलवता एकटा हलला पाहिजे. नाही हलला तर व्हीटेकच्या पिना अडकल्यात. हेडच्या बाजूला जो व्हीटेक सोलेनॉइड आहे तो १० नंबरचे बोल्ट काढून उतरवला की मागे एक बारीक जाळी असलेलं पॅकिंग दिसतं, त्यावर काळा चिकटा बसला असेल तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. पॅकिंग नवीन टाका. ज्यांची तक्रार असते की "व्हीटेक लागतच नाही", त्यांनी आधी ऑइलची लेव्हल आणि ही जाळी बघावी, सेन्सर नंतर.

त्याच दिवशी ऑइल पण बदला. १०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० आपल्या हवेला ठीक आहे, फिल्टरसकट साडेतीन लिटरचा कॅन पुरतो, ड्रेन बोल्टचा वॉशर दरवेळी नवीन. गिअर ऑइल कुणी बदलतच नाही, तेही आत्ताच करा, गिअर पडताना जो खरखरीतपणा असतो तो बऱ्याचदा त्यानेच जातो.

दुपारी बंद पडणारी गाडी

उन्हाळ्यात कामाला गेलात, गाडी दोन तास उन्हात उभी, परत आलात तर स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही, संध्याकाळी मात्र एका सेल्फला चालू. लोक पंप बदलतात, इग्निशन कॉइल बदलतात, बॅटरी बदलतात. त्या काळच्या होंडात याचं नेहमीचं कारण म्हणजे डॅशबोर्डखाली असलेला मेन रिले, म्हणजे पेट्रोल पंपाला करंट देणारा विजेचा स्विच. इग्निशन चालू केल्यावर मागून पेट्रोल पंपाचा दोन सेकंद गुणगुण आवाज येतो, गाडी अडली असताना तो येत नसेल तर संशय पक्का करा. रिले काढून त्याचं प्लॅस्टिकचं खोकं उघडा आणि आतली सोल्डरिंगची बाजू भिंगाखाली धरा. मोठ्या पिनांच्या भोवती सोल्डरमध्ये केसासारखी गोल रेघ दिसेल, पूर्ण वाटोळी. ऊन वाढलं की धातू पसरतो आणि तिथला टाका सुटतो, गार झालं की परत टेकतो, म्हणून थंडीत हा दोष दिसतच नाही. रेघ दिसो न दिसो, सगळ्या मोठ्या पिनांचं जुनं सोल्डर ओढून नवीन सोल्डर भरा, टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारा कुणीही करून देईल. सोबत डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर बघा, आत पांढरी-हिरवट बुरशी किंवा तडा असेल तर बदला.

पेट्रोलचे रबरी पाईप पण आता बघायलाच पाहिजेत. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉल आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांतून पण जातं, त्याला माझी ना नाही, पण २००२ च्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. पाईप वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या किंवा सकाळी पेट्रोलचा वास आला तर तो पाईप त्याच दिवशी बदला. इंजेक्शनच्या प्रेशरला चालणारा, इथेनॉलला टिकणारा आर९ ग्रेडचा पाईप मागा, पाण्याचा किंवा साधा रबरी पाईप चालत नाही. फिल्टर उघडायच्या आधी त्याच्यावरच्या छोट्या बोल्टभोवती कापड धरून तो हळू सैल करून प्रेशर काढा. जवळ विडी-काडी नाही, गॅरेजमध्ये दिवा-अगरबत्ती पण नाही.

ब्रेक

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवीन डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० डिग्री असतो, पाणी ओढल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, म्हणजे घाटात पेडल अचानक मऊ. दर दोन वर्षांनी बदला. ब्लीड करायचा (पाईपमधली हवा आणि जुनं ऑइल काढायचा) क्रम मॅन्युअलमध्ये असेल तो, नसेल तर मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा, आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं. कॅलिपरच्या स्लायडर पिना काढून साफ करून त्यांना ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं. नवीन पॅड टाकले तरी गाडी एका बाजूला ओढते ती बहुतेक अडकलेल्या पिनेमुळे.

बुश, टायर, हेडलाइट: हेच खरे अपग्रेड

जुन्या सिटीत सगळे लोअर आर्म बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर), लिंक रॉड, शॉक अॅब्सॉर्बर आणि माउंट नवीन टाकून बघा, गाडी दहा वर्षं तरुण होते. एक गोष्ट मेकॅनिकला बजावून सांगा: बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकावर वजन आल्यावर, म्हणजे गाडी तिच्या नेहमीच्या उंचीला असताना आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेल्या स्थितीत राहतं आणि वर्षभरात फाटतं. गाडी खाली बसवणारे छोटे स्प्रिंग मी तरी टाकणार नाही, आपल्या कॉलन्यांतले स्पीड ब्रेकर बघता साइलेन्सर खरवडण्यापलीकडे काही मिळत नाही.

टायर कितीही नक्षीदार दिसू दे, बाजूवरचा चार आकडी नंबर वाचा, ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. सहा वर्षांच्या वरचा टायर आपल्या उन्हात कडक झालेला असतो. बजेट एकाच अपग्रेडचं असेल तर चांगले टायर घ्या, कंपनीच्या साइझचेच.

दुसरा अपग्रेड हेडलाइटचा. जुन्या गाडीत सगळा करंट स्टिअरिंगच्या स्विचमधून जातो, बल्बपर्यंत पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं. रिलेवाली वायरिंग टाका आणि साधे ६०/५५ वॅटचेच बल्ब ठेवा, उजेडात फरक लगेच दिसेल. १०० वॅटचे बल्ब होल्डर वितळवतात आणि समोरच्याला आंधळं करतात. ऊस तोडणीच्या सीझनमध्ये रात्री पंढरपूर रोडला दिवे नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या पुढे असतात, तेव्हा या एका कामाचं महत्त्व कळतं.

पॉवरचं म्हणाल तर उघडा कोन फिल्टर बोनेटखालची गरम हवा ओढतो, आपल्याकडे तर जास्तच, कंपनीचा एअर बॉक्स बाहेरची गार हवा घेतो, तो ठेवा आणि आत चांगला फिल्टर टाका. मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट, इंजिन बदलणं वगैरे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं. पंधरा वर्षांच्या पुढची गाडी म्हणजे रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू, त्यासाठी गाडी समोर नेऊन फिटनेस आणि पर्यावरण कर, त्यामुळे जे काही कराल ते तिथं उभं राहील असंच करा.

रस्त्यावर काढताना

सगळं झाल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. मग पहिले दोन दिवस फक्त गावात, होटगी रोडपर्यंत आणि परत, प्रत्येक वेळी बोनेट उघडून कूलंट, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल बघा. मग पहाटे तुळजापूर रोड, साधारण ४५ किलोमीटर, नवीन पॅड आधी मध्यम वेगात हळू ब्रेक दाबून बसवून घ्या. शेवटची टेस्ट मार्चमध्ये भर दुपारी दोन वाजता: एसी फुल, गाडी जागेवर उभी, वीस मिनिटं. काटा अर्ध्यावर स्थिर आणि फॅन लागून बंद होतोय असं दिसलं की गाडी उन्हाळ्याला तयार. काटा अर्ध्याच्या वर सरकला तर इंजिन गार होईपर्यंत थांबा आणि परत ब्लीड बोल्टपासून सुरू करा. पाचशे किलोमीटरनंतर व्हील नट, सस्पेन्शनचे बोल्ट आणि बॅटरीचे टर्मिनल टॉर्कप्रमाणे परत तपासा, आणि कुठला पार्ट किती किलोमीटरला टाकला ते बिलांसकट वहीत लिहून ती वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.